न उघडलेलं पान

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे कोणी विचारलं तर असावी. या वेळी निबंध क्र. १४ ची चोरी पकडली.

ग्रंथालयाची ज्येष्ठ नागरिक निबंध स्पर्धा, विषय ‘माझी आई’. बावीस निबंध आले, त्यातले निवडक पुस्तकात छापायचे. सगळे टाइप केलेले, नावं झाकलेली, वर नुसते क्रमांक. दुसऱ्या परीक्षकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. ग्रंथपाल पल्लवीने मागच्या महिन्यात एक युक्ती शिकवली. शिफ्ट दाबून बाणाने ओळ निवडायची. कंट्रोल-सी. कंट्रोल-टी, की नवं पान. दोन अवतरणचिन्हं टाकायची, त्यांच्यामध्ये कंट्रोल-व्ही, एंटर. तीच ओळ जगात आणखी कुठे असेल तर समोर हजर. माऊसला हात लावायचा नाही. माझी बोटं टायपिंगच्या परीक्षेत घडलेली, दुसऱ्या दिवशी पल्लवीपेक्षा माझा वेग जास्त.

आधी दोन सापडले होते. क्र. ३ ने वाढदिवसाच्या शुभेच्छांतून अख्खा परिच्छेद उचललेला. क्र. ९ च्या आईला दोन वेगळ्या गावांत माहेर, कारण दोन वेगळ्या ठिकाणांहून उचललेली. त्यांचं काही वाटलं नाही, हसले.

१४ चं वाटलं. कारण तो एकच निबंध होता. बाकी सगळ्यांच्या आया पहाटे उठतात आणि त्याग करतात. या बाईची आई मेंढरांमागे चालते. दोन ओळी मी पेन्सिलने अधोरेखित केल्या होत्या : ‘माझ्या आईला आकडे येत नव्हते, चेहरे येत होते. मेंढरं वाघरीच्या जाळीच्या कुंपणात शिरू लागली की ती नुसती उभी राहायची आणि म्हणायची, काळ्या कानाची मागं राहिली.’

पहिला क्रमांक मनात देऊन टाकला होता. मग वाटलं, फारच नेमकं आहे. या वयाच्या खेड्यातल्या बाईची वाक्यं अशी नसतात. निवडल्या ओळी, दाबली बटणं. अर्ध्या सेकंदात सापडल्या. शब्दाला शब्द, ठळक अक्षरांत, कुठल्याशा जुन्या अंकात.

शेरा लिहिला : ‘नक्कल. बाद. स्वतःची आई दुसऱ्याच्या शब्दांत मांडायची वेळ कोणावर येऊ नये.’

राग अजून उतरलेला नाही.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर हाच नाद. एसटी डेपोच्या पत्रातलं एक वाक्य निवडून शोधलं. तेच वाक्य तीन डेपोंच्या उत्तरांत. म्हणजे माझी तक्रार वाचलीच नव्हती. लगेच दुसरं पत्र लिहिलं, शेवटी नेहमीची ओळ : ‘१५ तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावे.’ तोंडी आश्वासनं घेत नाही मी.

पल्लवी मध्येच म्हणाली, “मॅडम, शोधल्यावर पान उघडून बघता ना?”

म्हटलं, “काय उघडायचंय? ओळ तिथेच ठळक दिसते.”

“तसं नाही, वर-खाली काय लिहिलंय ते.”

“पल्लवी, मी चौतीस वर्षं पेपर तपासलेत.”




शुक्रवार, ७ नोव्हेंबर

समितीची बैठक. अध्यक्ष आप्पा उशिरा, उसाच्या तोडीचं कारण. नावं उघडली. चौदावा : श्रीमती हिराबाई कोकरे, न्हावरे.

आप्पांचा चेहरा पडला. “वळखीची हाय की ही म्हातारी. सून बचत गटात हाय. मॅडम, बाद करा, पर बोर्डावर कशाला लावताय? गाव लहान असतंय.”

“निकाल बोर्डावर लागतो, आप्पा. बाद का केलं तेही लागलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी बावीसच्या बावीस उचललेले येतील.”

“तुमी कान्व्हेंटवाल्या लई कडक.”

“शिस्तीच्या.”

क्र. ३ आणि ९ पुढे ‘नक्कल’ एवढंच. १४ पुढे माझा शेरा पूर्ण, नावासकट. मीच सांगितलं तसं. पल्लवीने चार पिना लावल्या, प्रत्येक पिनेला माझ्याकडे बघत.


सोमवार, १० नोव्हेंबर

पल्लवीचा फोन. न्हावऱ्याच्या हिराबाई आणि त्यांची सून सविता सकाळच्या एसटीने येऊन गेल्या. म्हातारी बोर्डासमोर उभी राहिली, बोट ठेवून शेरा वाचला, दोनदा.  सून बोलली.

काय बोलली, मी विचारलं.

“म्हणाल्या, आमच्या आत्याबाईंचंच हाय ते, छापलेलं पान घरात जपून ठिवलंय, पुरावा हाय. गटातल्या बायका दोन दिवस हसतायत. एकजण म्हणाली, आय बी उसनी आणली का.”

मी पल्लवीला म्हटलं, घरात छापलेलं पान आहे म्हणजे चोरी कुठून केली त्याचाच पुरावा आहे.

पल्लवी म्हणाली, “मॅडम, ते पान तुम्ही उघडलंय का?”

तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तोडून बोलले असते मी. उद्या उघडून छापूनच देते, फायलीला लावा म्हणावं.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

उघडलं.


बुधवार, १२ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज क्रमाने लिहिते.

ते पान दौंडच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी केलेल्या संकेतस्थळाचं आहे. माझी शाळा. जिथे शिकले आणि मग जिथे शिकवलं. मुलींनी जुनी वार्षिकं टाइप करून चढवली आहेत. हे १९९४ चं. शीर्षक ‘मेंढरांची आई’. मजकूर संपतो तिथे लेखकाचं नाव नाही, नुसतं ‘संकलित’. त्याच्या खाली एक ओळ सोडून : मराठी विभाग संपादन. आणि माझं नाव.

हिराबाई कोकरे म्हणजे हिरामावशी. शाळेत आडनाव कोणी विचारलं नव्हतं. सगळ्या पोरी हिरामावशी म्हणायच्या, मी नुसती हिरा. वर्ग झाडायची, घंटा द्यायची, मुली पडल्या तर गुडघे धुवायची. मधल्या सुट्टीत स्टाफरूमची फरशी पुसता पुसता आईचं सांगायची. आई मेंढरं घेऊन घाटावरून कोकणात जायची, वाटेत हिराचा जन्म, तिसऱ्या दिवशी पुन्हा चालणं. त्या वर्षी अंकात दोन पानं कमी पडत होती. मी वही काढली आणि म्हटलं, हिरा, परत सांग, सावकाश.

म्हणजे वाक्यं माझी आहेत. ‘आकडे येत नव्हते, चेहरे येत होते’ हे माझं वाक्य. ते मी ओळखलं नाही. वर अधोरेखित केलं. खेड्यातली बाई असं लिहीत नाही म्हणाले. बरोबरच होतं म्हणायचं, असं नव्हतं लिहिलं तिने.

पान उघडायला आणखी एक दाब पुरला असता. एंटर एकदाच दाबलं, दुसऱ्यांदा नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

नाव का नाही छापलं? दोन दिवस हाच प्रश्न. शाळा चालवणाऱ्या सिस्टरांचा नियम होता, अंक विद्यार्थिनींचा, असं स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे. सिस्टरांना मराठी विभाग वाचताही येत नव्हता. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मीच ठरवलं. पालक काय म्हणतील, अंकात झाडूवालीचं नाव.

माझंही घातलं नाही, म्हणून मला वाटलं मी प्रामाणिक आहे.

आज युक्ती पुन्हा वापरली. ‘हिराबाई कोकरे’ निवडलं, कंट्रोल-सी, कंट्रोल-टी, अवतरणं, कंट्रोल-व्ही, एंटर. एकही निकाल नाही. माझं नाव तसंच टाकलं. पान भरून. निरोप समारंभ, बक्षीस वितरण, वृत्तपत्रातली माझी रस्त्याबद्दलची पत्रं.

बंद केलं.


शनिवार, १५ नोव्हेंबर

न्हावऱ्याला जाऊन आले. पल्लवी सोबत येते म्हणाली, नको म्हटलं.

एसटीत काय बोलायचं याची उजळणी. खरं लिहायचं तर मनात एक वाक्य सारखं येत होतं : तांत्रिकदृष्ट्या मजकूर माझा आहे. हे तिच्यापुढे बोलायचं नाही असं ठरवून उतरले. घर स्टँडपासून लांब नाही. उसाच्या कडेला दोन खोल्या, पुढे पत्रा. हिरा पत्र्याखाली कांद्याच्या रोपाचा ढीग घेऊन बसलेली. केस पूर्ण पांढरे. मान वर करून एकदा बघितलं.

“या टीचरबाई. वळखलं का आता?”

“ओळखलं.”

“बोर्डावर न्हाई वळखलं.” मग सुनेला, “सविता, खुर्ची आण. कान्व्हेंटच्या हायत, खाली बसायच्या न्हाईत.”

मी खाली बसले. गुडघे वाजले, ते तिने ऐकलं.

“हात मोकळंच हायत तर जुड्या बांधा रोपाच्या. मूठभर घ्यायचं. लई आवळू नगा, मुळं तुटत्यात.”

बांधायला लागले. मान खाली घालून बोलणं सोपं गेलं. सगळं सांगितलं. शोधलं कसं, पान उघडलं नाही, मग उघडलं. तिने मध्ये थांबवलं नाही. फक्त माझ्या दोन जुड्या सोडून पुन्हा बांधल्या.

सविता दारातून म्हणाली, “बटान दाबून कळतं व्हय, कोण चोर हाय ते?”

“नाही कळत,” म्हटलं.

“मग आमाला कसं कळवलं?”

मी पुढची जुडी उचलली.

हिराने तिला आत पाठवून पान आणायला लावलं. प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या पडलेलं, कडा पिवळ्या. माझ्या अंकाचं पान. मला वाटलं होतं माझ्याकडे अंकाची प्रत असेल. नाही माझ्याकडे. तिच्याकडे आहे.

“तवा मी इचारलं व्हतं तुमाला,” हिरा म्हणाली. “घंटा द्यायच्या आधी. टीचरबाई, ह्यात माजं नाव कुठं हाय? तुमी ह्या शब्दावर बोट ठिवलं आन् म्हणला, संकलित म्हंजी तूच.”

मला आठवत नाही. आठवत नाही म्हणून खोटं म्हणू शकत नाही. हे मी बोलले असेन. अगदी माझ्यासारखं आहे.

“लई वरसं मी पावन्यारावळ्याला दावायची. हे बगा, हे माजं नाव. मला कुठं वाचता येत व्हतं. सविता आली लगीन करून, तिनं मला अक्षरं शिकिवली. शिकल्यावर पयलं हे पान काडलं. मग कळलं, नावच न्हाई.”

बरंच रोप बांधून झालं. ती हसली थोडी. “पर लिवलं लई चांगलं. माज्या आयला तुमीच शुद्ध बोलायला शिकिवलं. ती शिव्याबिगर मेंढरू सुदीक हाकायची न्हाई.”

मीही हसले, आणि मग ज्याची एसटीत उजळणी करून टाळलं होतं तेच तोंडातून आलं. “हिरा, वाक्यं माझी होती ना गं.”

“घ्या की वाक्यं. मी कुठं नगं म्हणलं. आय माजी हाय.”

मी माफी मागितली. नीट, पूर्ण, नाव घेऊन. हिराबाई म्हणाले. ती रोपाची मुळं झाडत राहिली.

“तोंडानं नगं, टीचरबाई. तोंडानं तवा बी बोलला व्हता. कागदावर द्या. सही घाला, तारीख घाला. सविता वाचंल आन् बोर्डावर लावंल, त्याच जागी. त्या बायकास्नी तिथं न्हेऊन दावंल. आन् पुस्तकात नाव आलं तर येऊ द्या, न्हाई तर माजं पान माज्या पिशवीत हायच.”

चहा दिला. निघताना म्हणाली, “जुड्या जमल्या शेवटाला.”

परतीच्या एसटीत हाताला कांद्याच्या पातीचा वास. घरी येऊनही धुवायला गेले नाही लगेच.


सोमवार, १७ नोव्हेंबर

आप्पांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, निकाल बदला म्हणाले. निवडक निबंधांचं पुस्तक शुक्रवारी २८ ला दुपारी छपाईला जातंय. १४ त्यात हवा, हिराबाईंच्या नावाने.

आप्पांनी तंबाखू मळत ऐकलं. “म्हंजी तो निबंध तुमी लिवलेला.”

“सांगितला तिने. लिहून घेतला मी.”

“मग परीक्षकानं लिवलेला निबंध परीक्षकानंच पयला काडायचा?” डोळे बारीक करून. “न्हाई, मी काय म्हणतो, तुमीच सांगा. बाकीचे एकवीस काय म्हणतील? आन् शब्दाला शब्द छापल्यालं हाय ते हायच की. तुमचा शेरा चुकला कुठं?”

 वाईट म्हणजे आप्पा मुद्दाम अडवत नव्हते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या सरळ शब्दांत अडकवलं नव्हतं.

“बोर्डावरचा कागद तरी काढा,” म्हटलं.

“त्यो तुमीच लावाया लावला. समितीचा ठराव हाय आता. लेखी द्या, बघू.”

माझीच भाषा.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

बोर्डावरचा कागद काढायला गेले होते, गुपचूप. पल्लवीने बघितलं. अडवलं नाही, नुसतं म्हणाली, “मॅडम, काढलात तर कोरी जागा दिसेल. कोणाला कळणार नाही काय होतं तिथे.”

खरं आहे. गाळलेलं दिसत नाही. त्यातच आयुष्य गेलं माझं. पिना परत लावल्या.


बुधवार, १९ नोव्हेंबर

दिवसभर पत्रांचे मसुदे, समितीला आणि हिराबाईंना. एसटी डेपोला पत्र लिहायला मला दहा मिनिटं लागतात. हे चार वेळा फाडलं. पहिल्यात माझंच कौतुक जास्त. दुसऱ्यात सिस्टर आल्या. तिसऱ्यात ‘त्या काळच्या परिस्थितीत’ असं आलं. चौथ्यात ‘अनवधानाने’. अनवधान कसलं, पूर्ण शुद्धीत केलं.

पाचवं टिकलं. पल्लवीने वाचून काही सुचवलं नाही. फक्त विचारलं, “शेवटची ओळ हिराबाईंच्या पत्रालाही?”

‘लेखी उत्तर द्यावे’, सवयीने लिहिली गेली होती. खोडायला पेन उचललं. मग वाटलं, तिने लिहावं. अक्षरं तिला येतात आता. शिव्या देऊन लिहिलं तरी चालेल. मी उघडून वाचेन, शेवटपर्यंत.


गुरुवार, २० नोव्हेंबर

आज दोन्ही दिली. समितीचं आप्पांच्या हातात, पोच घेऊन. हिराबाईंचं रजिस्टर टपालाने. इथे उतरवून ठेवते.

प्रति, अध्यक्ष, स्पर्धा समिती.
सोमवार, ३ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी मी निबंध क्र. १४ नक्कल ठरवला. शोधात सापडलेलं पान मी उघडून पाहिलं नव्हतं. तो मजकूर हिराबाई कोकरे यांनी मला सांगितला आणि मी लिहून घेतला. १९९४ साली त्यांचं नाव मी गाळलं. स्पर्धेच्या नियमात हा निबंध बसतो की नाही ते मला ठरवता येत नाही आणि मी ठरवूही नये. परीक्षकपद सोडत आहे. बक्षीस देऊ नका. पण पुस्तकात तो छापा : ‘सांगणाऱ्या – हिराबाई कोकरे’. लिहून घेणारीचं नाव नको. माझा शेरा बोर्डावर राहू द्या आणि त्याच्याच शेजारी हे पत्र लावा. होय किंवा नाही, कारणासह कळवावे. लेखी उत्तर गुरुवार, २७ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत द्यावे.

श्रीमती हिराबाई कोकरे यांस.
संकलित म्हणजे तुम्ही नव्हे. मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या पानावर तुमचं नाव असायला हवं होतं आणि बोर्डावर नसायला हवं होतं. दोन्ही मी केलं. शाळेच्या संकेतस्थळालाही नाव घालण्याबद्दल लिहिलं आहे. घालतील की नाही माहीत नाही. हा कागद सविताबाईंनी कोणालाही वाचून दाखवावा. तुमच्या आईचं नाव मी तेव्हाही विचारलं नाही आणि परवा जुड्या बांधतानाही विचारलं नाही. ते कळवावं. वाक्य नको, नुसतं नाव, तुमच्या हाताने. पुस्तक छपाईला जाण्याआधी, गुरुवार, २७ नोव्हेंबर, सायंकाळी पाचपर्यंत. लेखी.